रिपोर्ट ‘पिण्यास योग्य’, पण पाण्याला वास येतोय: पाण्यातलं अनोळखी रसायन शोधायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावजवळच्या औद्योगिक पट्ट्याला लागून असलेलं गाव. घरच्या तीनशे फुटी बोअरच्या पाण्याला यंदाच्या पावसाळ्यानंतर औषधासारखा, थोडा थिनरकडे झुकणारा वास येतोय. चहाला चव लागते. पाणी लॅबमध्ये दिलं तर रिपोर्ट आला ‘पिण्यास योग्य’. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) म्हणतात रिपोर्ट बरोबर आहे, आई म्हणते माझं नाक बरोबर आहे. मग पाण्यात नेमकं काय आहे ते कळायचं कसं?

उत्तर लांबणार आहे, म्हणून तातडीचं आधी सांगते. छडा लागेपर्यंत ते पाणी पिऊ नका आणि स्वयंपाकालाही वापरू नका. उकळून पिऊ असं कोणी म्हणत असेल तर थांबवा. उकळल्यानं जंतू मरतात. नायट्रेट आणि धातू मात्र उलट घट्ट होतात, कारण पाणी आटतं आणि ते मागे राहतात. थिनरसारखं काही असेल तर ते वाफेबरोबर स्वयंपाकघरातल्या हवेत येतं आणि चुलीपाशी उभं असलेल्या माणसाच्या नाकातोंडात जातं. आंघोळीला वापरायचंच असेल तर गार पाणी आणि उघडी खिडकी.

आता रिपोर्टकडे येऊ. साध्या तपासणीत पीएच (आम्लता), टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), कठीणपणा, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, गढूळपणा आणि कोलिफॉर्म जंतू एवढं असतं. हे सगळं महत्त्वाचं आहे. आपल्याकडे उसाच्या पट्ट्यात नायट्रेटचा आकडा मी नेहमी सर्वात आधी बघते (मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर, आणि तिला सूट नाही). पण या यादीतली एकही चाचणी थिनर, फिनॉल किंवा तणनाशक पाहू शकत नाही. म्हणजे रिपोर्ट खोटा नाही. लॅबला जेवढं विचारलं, तेवढ्याचंच उत्तर तिनं दिलंय.

आणि एक गोष्ट रिपोर्टच्या पहिल्याच ओळींत सापडेल. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५०० : २०१२, याच्या पहिल्या तक्त्यात रंग, गढूळपणा, टीडीएस यांच्या जोडीला वास आणि चव हेही आहेत. तिथं आकडा नाही, अट एवढीच की ते सुखद असावं. म्हणजे ज्या पाण्याला थिनरचा वास येतो ते पाणी मानकाच्या पहिल्याच तक्त्यात नापास होतं. तुमच्या रिपोर्टवर वासाच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. पाणी प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण सैल, दोन दिवस गाडीत फिरून लॅबला पोचलं असेल, तर तिथं वास उरलेलाच नसणार आणि रकान्यात ‘सुखद’ असंच पडणार. आईचं नाक बरोबर आहे, आणि मानकही त्यांच्याच बाजूचं आहे. पीडीओंना हे शांतपणे दाखवा.

अनोळखी रसायन शोधायचं म्हटलं की लोक थेट मोठ्या मशीनचं नाव विचारतात. मशीन लागतंच, पण ते शेवटी. ज्याचं नाव माहीत नाही ते सापडतं फरकातून. वास येणारं पाणी आणि न येणारं पाणी, पावसाआधीचं आणि नंतरचं, बोअरच्या तोंडाशी घेतलेलं आणि स्वयंपाकघरातल्या नळाचं. या जोड्या नीट जमवल्या तर निम्मं काम लॅबच्या बाहेरच होतं. त्या नसतील तर सर्वात महागडं मशीनसुद्धा तुम्हाला हजारभर नावांचा कागद देईल आणि त्यातून काहीच कळणार नाही.

म्हणून पहिलं काम घरीच करा. झाकणाची, वास नसलेली काचेची बाटली घ्या, गरम पाण्यानं धुवा, साबण नको. बोअरच्या तोंडाशी, टाकीत जाण्याआधी, ती अर्धी भरा. दुसरी टाकीतून भरा, तिसरी नळातून. तिन्हींची झाकणं लावून कोमट पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटं उभ्या ठेवा, हलवा आणि झाकण उघडून झटकन हुंगा. खोल श्वास घेत बसू नका. पेट्रोल-डिझेलसारखं वाटलं तर जवळ आग नको. घरातल्या दोन-तीन माणसांना कुठली बाटली कुठली हे न सांगता हुंगायला द्या आणि प्रत्येकाचं म्हणणं वेगळं लिहून ठेवा.

वास फक्त नळाच्या किंवा टाकीच्या पाण्याला येत असेल आणि बोअरच्या तोंडाशी नसेल, तर बाहेर शोधायची गरजच नाही. नवीन पीव्हीसी पाइप जोडला असेल तर त्याच्या चिकटद्रावणात टेट्राहायड्रोफ्युरान, सायक्लोहेक्झॅनोन, मिथाइल इथाइल कीटोन असले द्रावक असतात, आणि त्यांचा वास हुबेहूब थिनरसारखा असतो. जोड नीट वाळू न देता पाणी सोडलं की तो बरेच दिवस येत राहतो. टाकीला आतून रंग लावला असेल तर तेच. मोटरचं सील गेलं असेल तर वंगण पाण्यात उतरतं, पण ते बोअरच्या तोंडाशीही दिसेल. सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर जास्त आणि पंधरा मिनिटं उपसा झाल्यावर कमी, असा त्याचा साधारण नमुना असतो. हे सगळं आधी निकालात काढा.

दुसरी शक्यता ब्लीचिंग पावडर. विहिरीत किंवा टाकीत पावडर टाकल्यावर दवाखान्यासारखा वास येतो आणि पावडर न टाकता येत नाही, असं असेल तर कान टवकारा. नुसत्या क्लोरीनचा वास वेगळा असतो. पाण्यात फिनॉलचा अंश असेल तर क्लोरीनशी मिळून त्याची क्लोरोफिनॉल बनतात आणि ती फार कमी प्रमाणात नाकाला कळतात. म्हणूनच मानकात फिनॉलची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम इतकी खाली आहे. वाळूच्या साच्यांसाठी फिनॉलिक रेझिन (फिनॉलपासून बनवलेला चिकट पदार्थ) वापरणाऱ्या फाउंड्रीची, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याची, टाकाऊ वाळू उघड्यावर पडली आणि तिच्यावरून पावसाचं पाणी मुरलं, तर ते खाली भूजलात जाऊ शकतं. तुमच्या पाण्यात हेच आहे असं मी म्हणत नाही. पण बेळगाव हे फाउंड्रीचं गाव आहे, तेव्हा संशयितांच्या यादीत फिनॉल वरच्या ओळीत ठेवा.

सडक्या अंड्याचा वास असेल तर तो बहुधा हायड्रोजन सल्फाइड. उघड्या घागरीत ओतून ठेवला की बराचसा उडून जातो. माती-शेवाळाचा वास तलावाच्या पाण्याला येतो तो जिओस्मिनमुळे, आणि तो लिटरला दहा नॅनोग्रॅमच्या आसपाससुद्धा जाणवतो. उलटही खरं आहे: वास नाही म्हणजे पाणी स्वच्छ, असं मुळीच नाही. यंत्राचे भाग धुण्यासाठी वापरतात ते ट्रायक्लोरोइथिलीन वास जाणवायच्या कितीतरी आधी धोक्याची पातळी ओलांडून गेलेलं असतं. शिवाय ते पाण्यापेक्षा जड, म्हणून भेगांतून खाली खाली बसत जातं.

आता नकाशा. आपल्याकडे वर जांभा, खाली दख्खनचा काळा पाषाण. या खडकात पाणी स्पंजासारखं सगळीकडून झिरपत नाही, भेगांतून धावतं. म्हणून शेजारच्या बोअरला काही नाही म्हणजे तुमची तक्रार खोटी, हा युक्तिवाद इथं टिकत नाही. दोन बोअर वेगवेगळ्या भेगेवर असू शकतात. गावातल्या दहा-पंधरा विहिरी-बोअरांची खोली, वास आहे की नाही आणि वास केव्हापासून, एवढं एका कागदावर मांडा. ओढा कुठून येतो, नाला कुठं वळतो, कुठल्या शेतात टँकर रिकामे होतात, भंगाराचं गोदाम किंवा प्लेटिंगचं शेड कुठं आहे, तेही त्यावर टाका. हे सगळं लॅबवाल्यांना ठाऊक नसतं, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना असतं.

यानंतर नमुना. इथं मी सर्वात जास्त वेळ घेणार आहे, कारण इथंच बहुतेक प्रकरणं हातची जातात.

मोटर दहा-पंधरा मिनिटं चालू द्या. उडून जाणाऱ्या द्रावकांसाठी लॅबकडून ४० मिलिलिटरच्या गडद काचेच्या कुप्या मागून घ्या. त्यांच्या झाकणाला आतून टेफ्लॉनचा पापुद्रा असतो. कुपीत आधीच थोडं रसायन घातलेलं असू शकतं, ती विसळू नका. नळाची धार अगदी बारीक करा, कुपी तिरकी धरा आणि पाणी काचेच्या कडेनं खळखळ न करता उतरू द्या. काठोकाठ, वर फुगीर थेंब उभा राहीपर्यंत भरा आणि झाकण लावा. मग कुपी उलटी करून बोटानं टिचकी मारा. बुडबुडा वर चढताना दिसला तर तो नमुना बाद, पुन्हा भरा. त्या बुडबुड्यातच तुमचा पुरावा पळून जातो. कीटकनाशकं, तणनाशकं यांसाठी लिटरच्या गडद काचेच्या बाटल्या. धातूंसाठी मात्र स्वच्छ प्लास्टिक चालतं आणि त्यात नायट्रिक ॲसिड घालावं लागतं. ते लॅबच देईल. पाण्यात क्लोरीन असेल तर ते आधी सांगा, म्हणजे ते मारणारं रसायन कुपीत घालून देतील. नाहीतर वाटेतच क्लोरीन नव्या गोष्टी बनवत राहतं. सगळं बर्फाच्या पेटीत आणि शक्यतो त्याच दिवशी लॅबला. पेट्रोलच्या कॅनशेजारी पेटी ठेवू नका, भरताना हाताला सॅनिटायझर किंवा डासांचं मलम नको, विडी-सिगारेट तर नकोच.

या नमुन्याबरोबर आणखी दोन नमुने हवेतच. एक, वास नसलेल्या पण तशाच खोलीच्या बोअरचा. दुसरा ‘कोरा’ नमुना: लॅबनं दिलेलं शुद्ध पाणी तुमच्या आवारात तशाच कुपीत ओतायचं, झाकायचं आणि त्याच पेटीतून परत न्यायचं. बाटलीतून, हातातून, हवेतून, पेटीतून जे काही आलं ते या कोऱ्यात दिसतं. कोरा नमुना नसेल तर प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट नावाची रसायनं पाण्यात सापडली म्हणून गावभर बोभाटा होतो आणि नंतर कळतं की ती बाटलीच्या झाकणातून आली होती. पैसे कमी पडत असतील तर एखादी चाचणी कमी करा, पण कोरा नमुना सोडू नका.

आता मशीन. लॅबमध्ये दोन तऱ्हेचं काम चालतं. पहिलं ठरलेल्या यादीचं: मशीनला आधी सांगितलेले रेणू तेवढे ते शोधतं, हजेरीपटावर ज्यांची नावं आहेत त्यांनाच हाक मारावी तसं. आयएस १०५०० मधल्या कीटकनाशकांच्या तक्त्यात ॲट्राझिन, २,४-डी, क्लोरपायरिफॉस, मोनोक्रोटोफॉस, फोरेट अशी १८ नावं आहेत. चिकोडी-रायबागकडच्या उसात ॲट्राझिनबरोबर मेट्रिब्युझिनही मारतात. मेट्रिब्युझिन त्या यादीत नाही, इमिडाक्लोप्रिड नाही, आणि जमिनीत गेल्यावर ॲट्राझिन तुटून जे तुकडे होतात त्यांनाही तिथं जागा नाही. म्हणून ‘सर्व कीटकनाशकं आढळली नाहीत’ असं वाक्य दिसलं की विचारा, सर्व म्हणजे कुठली?

दुसरं काम पूर्ण स्कॅनचं, म्हणजे यादी न धरता जे सापडेल ते बघायचं, आणि तुम्हाला ते हवंय. उडणाऱ्या आणि अर्धवट उडणाऱ्या पदार्थांसाठी जीसी-एमएस, म्हणजे पदार्थ वायुरूपात वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारं मशीन. यात रेणू फोडून त्याच्या तुकड्यांचा ठसा घेतात आणि ज्ञात रेणूंच्या ग्रंथालयातल्या लाखो ठशांशी ताडून बघतात. न उडणाऱ्यांसाठी एलसीला (पदार्थ द्रवातच वेगळे करणाऱ्या मशीनला) जोडलेलं, वस्तुमान फार बारकाईनं मोजणारं मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे क्यू-टॉफ किंवा ऑर्बिट्रॅप. ते रेणूचं वस्तुमान दशांशाच्या चौथ्या स्थळापर्यंत सांगतं. धातूंसाठी आयसीपी-एमएस.

या पूर्ण स्कॅनमध्ये एका नमुन्यात हजारो खुणा उमटतात. त्यातून कोऱ्यात असलेल्या काढून टाकायच्या, मग चांगल्या बोअरमध्येही असलेल्या काढायच्या. उरतात त्या मोजक्या, आणि खरा शोध तिथून सुरू होतो. उदाहरणार्थ, वस्तुमानाच्या पट्टीवर २१६.१०१ ला एक खूण दिसली. तिच्यापासून दोन अंकांवर, २१८.०९८ ला, तिच्या साधारण एक तृतीयांश उंचीची जुळी खूण आहे. याचा अर्थ रेणूत एक क्लोरीन आहे, कारण निसर्गात क्लोरीनचे वेगवेगळ्या वजनाचे दोन समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे प्रकार) साधारण ३:१ असतात. ब्रोमीन असता तर जुळ्या खुणा जवळपास सारख्या उंचीच्या आल्या असत्या. वस्तुमानातून सूत्र, सूत्रातून संशयित. मग तो रेणू फोडून बघायचा, १७४ चा तुकडा पडला की ॲट्राझिनचा संशय घट्ट होतो. शेवटी बाजारातून शुद्ध ॲट्राझिन आणून त्याच मशीनवर चालवायचं. मशीनमधून बाहेर पडायची वेळ आणि तुकडे दोन्ही जुळले, तरच ‘ओळख पटली’ म्हणायचं.

या पायऱ्यांना २०१४ साली एमा शिमान्स्की आणि सहकाऱ्यांनी पाच पातळ्यांत मांडलं, आणि आता जगभर त्याच वापरतात. पाचवी पातळी म्हणजे फक्त वस्तुमान माहीत, पहिली म्हणजे शुद्ध नमुन्याशी ताडून खात्री. तुमच्या हातात रिपोर्ट आला की प्रत्येक नावासमोर पातळी कुठली ते विचारा. ग्रंथालयाशी ९० टक्के जुळलं म्हणजे ९० टक्के खात्री, असं नसतं. एकसारखे तुकडे देणारे भाऊबंद रेणू पुष्कळ असतात. तिसऱ्या पातळीच्या, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या नावावर कुणा कारखान्याकडे बोट दाखवलंत तर पहिल्याच सुनावणीत तोंडघशी पडाल.

संशयितांची यादी आधी हातात असेल तर हे काम कितीतरी सोपं होतं. ९ जानेवारी २०१४ ला अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात एल्क नदीकाठच्या टाकीतून एमसीएचएम नावाचं, कोळसा धुण्यासाठी वापरतात ते रसायन गळलं. सुमारे तीन लाख लोकांचं नळाचं पाणी बंद झालं. लोकांना आधी ज्येष्ठमधासारखा वास आला. त्या रसायनाची पिण्याच्या पाण्यातली मर्यादाच कुठं ठरलेली नव्हती, आणि टाकीत आणखी एक रसायन मिसळलेलं होतं हे तर सुमारे दोन आठवड्यांनी उघड झालं. कुठल्या टाकीत काय ठेवलंय हे गावाला आणि पाणीपुरवठ्याला आधी ठाऊक असणं किती मोलाचं, ते यावरून कळावं.

आपल्याकडे ती माहिती मिळवायचा रस्ता आहे, आणि लोक तो फार कमी वापरतात. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागणाऱ्या उद्योगांना दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत फॉर्म ५ मध्ये पर्यावरण विवरण द्यावं लागतं. त्यात कच्चा माल, पाण्याचा वापर, सांडपाणी आणि घातक कचरा यांची नोंद असते. माहिती अधिकारात राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे हे फॉर्म आणि संमतीपत्रं मागा. अर्ज कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत करा, म्हणजे भाषेच्या मुद्द्यावर तो पडून राहणार नाही. मिळालेल्या कागदांतली रसायनांची नावं लॅबला द्या. मग ‘काय आहे शोधा’ याऐवजी ‘यापैकी काय आहे ते आधी बघा, मग उरलेलं शोधा’ असं सांगता येतं.

निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या वाचकांसाठी एक जोड. तुमच्याकडे दूधगंगा, वेदगंगा आणि पंचगंगेचं पाणी घेऊन आलेली कृष्णा, सगळं वरून महाराष्ट्रातून येतं. कागद मात्र दोन राज्यांच्या दोन मंडळांत विभागलेले असतात. म्हणून नदीचा नमुना एकाच दिवशी सीमेच्या वर आणि खाली, दोन्हीकडे घ्या आणि माहिती अधिकाराचे अर्जही दोन्ही मंडळांकडे टाका. नदीत रसायन येतं आणि काही तासांत पुढे जातं. स्वित्झर्लंडमध्ये १ नोव्हेंबर १९८६ ला बासेलजवळच्या रसायनांच्या गोदामाला आग लागून ऱ्हाइन नदी विषारी झाली. त्यानंतर तिथं सीमेवर देखरेख केंद्र उभं राहिलं, आणि आता तिथं रोजच्या नमुन्यात अनोळखी खुणाही शोधल्या जातात. आपल्याकडे ती सोय होईपर्यंत, पाण्यातली रसायनं शोषून घेणारी पट्टी नदीत दोन-तीन आठवडे टांगून ठेवणं हा चांगला उपाय आहे. रात्री सोडलेल्या पाण्यातलं रसायनही तिच्यात साठून राहतं.

लॅब कुठली? जिल्हा प्रयोगशाळेतून आधीचे मूलभूत आकडे घ्या, ते स्वस्त आणि गरजेचे आहेत. पूर्ण स्कॅनसाठी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची लॅब बघा आणि तिच्या मान्यतेच्या यादीत पाणी आहे का, कुठल्या पद्धती आहेत, ते तपासा. द्राक्षांच्या निर्यातीसाठी औषधांचे अंश तपासणाऱ्या पुण्या-नाशकाकडच्या लॅबकडे ही मशीनं असतात. अथणीकडच्या बागायतदारांना त्या माहीत असतील. फोनवर एवढंच विचारा: पूर्ण स्कॅन करता का, कोरा नमुना वजा करून देता का, ओळखीची पातळी लिहिता का, आणि मशीनची मूळ फाइल जपून ठेवता का? मूळ फाइल असली की उद्या नवं नाव संशयात आलं तरी जुन्याच नमुन्यात ते पुन्हा शोधता येतं, पाणी नव्यानं आणावं लागत नाही.

घरी फिल्टर बसवायची घाई नको. दोन लोखंडी कांड्या पाण्यात घालून, वीज सोडून पाणी तांबडं करून दाखवणारा विक्रेता तुम्हाला कांड्यांचा गंज दाखवत असतो, पाण्यातलं विष नव्हे. हातातला टीडीएस मीटर फक्त विद्युतवहन मोजतो, मायक्रोग्रॅमभर तणनाशकानं त्याचा काटा हलत नाही. आरओ क्षार आणि धातू चांगले काढतं, पण लहान, विद्युतभार नसलेले द्रावकांचे रेणू त्यातून काही प्रमाणात निसटतात. ते कोळशाच्या फिल्टरमध्ये अडकतात, तोही भरला की सोडायला लागतो. काय आहे हे न कळता फिल्टर घेणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

तुमच्या बाबतीत मी हा क्रम धरेन. या आठवड्यात तीन बाटल्यांची हुंगण्याची चाचणी आणि गावाचा नकाशा. वास बोअरच्या तोंडाशीच आहे हे ठरलं की आधी उडणाऱ्या पदार्थांचं पूर्ण स्कॅन आणि फिनॉल, बरोबर चांगला बोअर आणि कोरा नमुना. त्यात काही निघालं नाही तरच एलसीचं महागडं स्कॅन. पहिल्या नमुन्यात सापडो वा न सापडो, दुसरा नमुना उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर आणि तिसरा पुढच्या मृगाच्या पहिल्या दमदार पावसानंतर दोन-तीन दिवसांनी घ्या. तोवर घरात एक वही ठेवा: तारीख, वास किती, मोटर किती वेळ चालली, पाऊस झाला का. आणि गावातले आणखी चार-पाच जण तयार झाले तर पंचायतीला अर्ज एकत्र द्या, वासाचा तक्ता आणि नकाशा जोडून, पोच घेऊन. मधल्या काळात पिण्याचं पाणी दुसऱ्या स्रोतातून मिळावं ही मागणी त्याच अर्जात पहिल्या ओळीत लिहा.